मुसैबचे ठोकळे

महाडहून पोलादपूरकडे जाताना हायवेपासून जरा आत मुश्ताकची भातगिरणी आहे. कापडे, शिवथर आणि मधल्या वाड्यांतलं भात भरडायला तिथंच येतं. गिरणीला लागून उकड्या तांदळाची भट्टी आहे आणि ती भाताच्या तुसावरच चालते. तूस जळतं, राख उरते. तिचा काळा ढीग मागच्या परड्यात वर्षानुवर्षं वाढत होता. वारा सुटला की शेजारच्या दोऱ्यांवरचे धुतलेले कपडे काळवंडायचे, आणि बायका मुश्ताकच्या बायकोकडे, हफिजाकडे, कुरकुर घेऊन यायच्या. कुणी भांडी घासायला टोपलीभर राख नेई. बाकीची तशीच पडून राही.

त्या राखेचं काही करता येईल असं घरात पहिल्यांदा बोलला तो मुसैब, त्यांचा एकुलता मुलगा. तो इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलला होता. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी त्यानं हीच राख धरली. काँक्रीटमधलं थोडं सिमेंट काढायचं आणि त्या जागी तुसाची राख घालायची. कॉलेजातून लोखंडी साचे आणून त्यानं परड्यात काँक्रीटचे चौकोनी ठोकळे पाडले. ओल्या काँक्रीटवर खिळ्यानं ‘२०’ असा आकडा कोरला.

"वीस टक्के सिमेंट वाचतं, अब्बा," तो म्हणाला होता. "आणि तुमचा ढीग पण जातो."

"आधी पास हो," मुश्ताक हसून म्हणाला होता.

त्याच वर्षी पावसाळ्यात मुसैब गेला. कापड्यात एकाकडे तांदळाचं पोतं पोचवून तो मोटरसायकलवरून परत येत होता. तिथल्या बौद्धवाडीखालच्या वहाळावर बुटका फरशीपूल आहे. वर डोंगरात जोरात पाऊस पडला की घटकाभरात त्यावरून पाणी जातं. मुसैब फरशीच्या मध्यावर असताना लोंढा आला. वाडीतल्या माणसांनी दोर बांधून पाण्यात उड्या घेतल्या, पण तो सापडला तो खाली वळणावर, करंजाच्या मुळांत अडकलेला. त्याला बाहेर काढणाऱ्यांत पुढं होता श्रीपत, त्याच वाडीतला गवंडी.

वर्ष उलटलं. मुश्ताक गिरणीत बसायचा, पट्टा फिरायचा, भात भरडून व्हायचं, लोक यायचे-जायचे. भेटायला येणारा प्रत्येकजण मुसैबबद्दल चांगलंच बोलायचा. किती हुशार, किती आज्ञाधारक, अल्लाला अशीच माणसं प्यारी. मुश्ताक मान हलवायचा. ऐकता ऐकता त्याला वाटू लागलं होतं, की लोक दुसऱ्याच कुणा मुलाबद्दल बोलताहेत. आपला मुसैब सकाळी उठायचा नाही, आईशी वाद घालायचा, गाडी जोरात हाणायचा. तो मुलगा कुणाच्याच बोलण्यात नव्हता.

एका सकाळी परड्यातल्या ठोकळ्यांपाशी उभं असताना त्याच्या मनानं घेतलं. त्या वहाळावर उंच साकव, पायी जायचा पूल, बांधायचा. स्वतः बांधायचा, आणि मुसैबच्याच काँक्रीटचा बांधायचा. त्याच्या राखेचा, त्यानं कोरलेल्या मापाचा.

तो थेट श्रीपतकडे गेला. श्रीपत ओटीवर बसून बांधकामाच्या करणीची मूठ बसवत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मुश्ताकशेठ, बांधू की. वाडी सगळी येल कामाला," तो म्हणाला. "पन राखंचं काम मी केलेलं नाय. ते निशाला इचारा. तिच्याच हाताखाली शिकत व्हता ना तो."

निशा ही श्रीपतची मुलगी. त्याच कॉलेजात ती काँक्रीट शिकवायची आणि तिथली प्रयोगशाळाही बघायची. मुश्ताकला हे माहीत होतं, पण मुसैबनंतर तिच्यासमोर जाणं त्यानं टाळलं होतं. ती आतून आली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि खाली बसली.

"चाचा, आधी ते ठोकळे तपासायला लागतील," ती म्हणाली.

"तपास ना. तिथंच आहेत."

"तपासायचे म्हणजे मशीनमध्ये दाबून फोडायचे. फुटेपर्यंत किती भार घेतात, ते बघायचं. दुसरा मार्ग नाही."

मुश्ताकनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा हफिजा मागच्या दारात तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"त्याच्या हातचं तेवढंच राहिलंय," ती म्हणाली. "आणि ते फोडायचं?"

"पुलासाठीच ना?"

ती उठून परड्यात गेली, ठोकळ्यांवरची धूळ पदरानं पुसली, आणि त्यातला एक उचलून आत घेऊन गेली. उरलेले तिनं नेऊ दिले.

प्रयोगशाळेत त्या दिवशी मुलं नव्हती. निशानं पहिला ठोकळा मशीनच्या दोन जाड लोखंडी प्लेटांमध्ये ठेवला, मधोमध आहे ना ते बघितलं आणि बटण दाबलं. काटा हळूहळू चढू लागला. मुश्ताक हात मागं बांधून उभा होता. मुलगा परीक्षेला बसलाय आणि आपण शाळेच्या फाटकाबाहेर थांबलोय, असं त्याला वाटत होतं. काटा फार वर गेला नाही. कोरडा, बारीकसा आवाज झाला. ठोकळ्याच्या कोपऱ्यातून एक चीर तिरकी खाली उतरली आणि एक बाजू ढासळली. निशानं दुसरा लावला, मग तिसरा. तिन्ही साधारण तिथंच फुटले.

तिनं मशीन बंद केलं. फुटलेला एक तुकडा हातात घेऊन खिडकीपाशी गेली, उलटसुलट करून बघितला. मग मुश्ताककडे वळली.

"चाचा, हे पुलाला चालणार नाही. जेवढा भार घ्यायला हवा, त्याच्या निम्माही घेत नाहीत."

"पावसात पडले होते. म्हणून असेल."

"नाही. पावसानं काँक्रीट एवढं खराब होत नाही." तिनं हातातला तुकडा खाली ठेवला. "मुसैबचं चुकलं होतं."

मुश्ताक तिच्याकडे बघत राहिला. वर्षभरात मुसैबच्या नावापुढं हा शब्द कुणी उच्चारला नव्हता.

"मेलेल्या पोराला नापास करतेस?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला. "शिकवत होतीस तू त्याला! आणि आता हे मला सांगतेस?"

"त्या साकवावरून माझी आई जाणार, चाचा. वाडीतली पोरं जाणार. दुसरं मी काय सांगू?"

तो तिथून निघाला, ते मागं वळून न बघता. घरी हफिजानं विचारलं, तर "काही नाही, नाही जमत म्हणते," एवढंच बोलला आणि गिरणीत जाऊन बसला.

त्यानंतर बरेच दिवस त्यानं राखेचा विषय काढला नाही. कापड्याचं भात भरडायला आलं की तो पट्ट्याजवळ कामात असल्यासारखं दाखवायचा. कुणी श्रीपतचा निरोप आणला तर "बघू" म्हणायचा. रात्री अंथरुणावर पडला की त्याला तो कोरडा आवाज ऐकू यायचा आणि निशाचा राग यायचा. मग तो राग कुणावर आहे, तेच कळेनासं व्हायचं.

रमजान आला, गेला. ईदच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर हफिजा त्याच्यासमोर येऊन बसली.

"त्याचं काय चुकलं होतं?" तिनं विचारलं.

"कुणाचं?"

"मुसैबचं. ठोकळ्यांत. ती मुलगी चुकलं म्हणाली ना? श्रीपतदादांच्या घरच्यांनी मला बाजारात सांगितलं. तुम्ही तर बोलायलाच तयार नाही. काय चुकलं होतं त्याचं?"

मुश्ताकनं ते विचारलंच नव्हतं.

"तो असता तर तिथल्या तिथं भांडला असता तिच्याशी," हफिजा म्हणाली. "का फुटला, कुठं फुटला, सगळं विचारून तिचं डोकं खाल्लं असतं. तुम्ही रागावून निघून आलात. जा, विचारून या. मला ऐकायचंय."

तो दुसऱ्याच दिवशी कॉलेजला गेला. निशाचा तास सुरू होता. तो बाहेरच्या बाकावर बसून राहिला. ती बाहेर आली, त्याला बघून थबकली, आणि काहीच न विचारता त्याला प्रयोगशाळेत घेऊन गेली. फुटलेले तुकडे तिनं टाकले नव्हते. खिडकीच्या फळीवर ओळीनं मांडून ठेवले होते.

"हे आतून बघा, किती काळं आहे," ती म्हणाली. "राख काळी म्हणजे तूस पुरतं जळलेलं नाही. त्यात कोळसा राहतो आणि तो पाणी पितो. काँक्रीट कालवताना मग पाणी जास्त घालावं लागतं, आणि जास्त पाण्याचं काँक्रीट कच्चं. शिवाय राख भरड आहे, दळलेली नाही. त्यात वीस टक्के. माप जास्त झालं."

"मग राखेचं सगळं खोटंच?"

"नाही, नाही. कल्पना बरोबर होती त्याची. तूस मंद आचेवर, भरपूर हवा देऊन जाळलं आणि पिठासारखं दळलं, तर ती राख सिमेंटमधल्या चुन्याला धरते. काँक्रीट घट्ट होतं. मी वर्गात सांगितलं होतं की ढिगातली राख चालणार नाही. तर म्हणाला, मॅडम, ढीग घरात आहे, आधी तो तर संपवू." ती किंचित हसली. "फार वाद घालायचा. एकदा मी फळ्यावर आकडा चुकीचा लिहिला, तर पूर्ण तास त्यानं तेच धरून ठेवलं. मला राग आला होता त्याचा."

मुश्ताकनं तुकडा हातात घेतला. इतके दिवस हरवलेला मुलगा त्याला त्या बोलण्यात दिसला. वाद घालणारा, घाई करणारा, सांगितलेलं अर्धंच ऐकणारा. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते त्यानं पुसलंही नाही. निशा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. त्याला रडायला तिनं वेळ दिला.

"पुढं कसं करायचं असतं?" शेवटी त्यानं विचारलं.

त्या उन्हाळ्यात गिरणीच्या परड्यात श्रीपतनं विटांची एक उभी भट्टी रचली. बुडाशी हवेसाठी भोकं ठेवली, मधे जाळीचं पिंप, त्यात तूस. निशा सुट्टीच्या दिवशी एसटीनं यायची. पहिल्या खेपेला आग फार भडकली. राख पांढरी, गुलाबी झाक असलेली निघाली. मुश्ताकला ती सुंदर वाटली.

"ही पण नको," निशा म्हणाली. "जास्त तापली की ती निबर होते. चुन्याला धरत नाही."

"काळी चालत नाय, गोरी चालत नाय," श्रीपत कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "सोयरीक जमवताय का राख करताय गो?"

हफिजा दारात उभी होती. ती हसली. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं, आणि हसल्यावर तीच दचकल्यासारखी आत निघून गेली.

भोकं बुजवून, कमी करून, पुन्हा मोकळी करून बघता बघता एकदा राख हवी तशी आली, पारव्याच्या पिसासारखी करडी. ती मिरची-मसाल्याच्या जुन्या चक्कीत पुन्हा पुन्हा दळली. मुश्ताकनं तोंडाला रुमाल बांधून स्वतः दळली. या वेळी निशानं विसाऐवजी दहा टक्केच राख घेतली. श्रीपतनं काँक्रीट कालवलं, साच्यांत भरलं, सळईनं कोचलं. शेजारी नुसत्या सिमेंटचेही तेवढेच ठोकळे पाडले. मग सगळे पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचे होते, महिनाभर. टाकीचं पाणी हफिजानं सांभाळलं. उन्हानं पातळी उतरली की ती कळशी ओतायची. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं.

ठोकळे फोडायला नेले त्या दिवशी मुश्ताक श्रीपतबरोबर हफिजालाही घेऊन गेला. ती मशीनपासून लांब भिंतीला टेकून उभी राहिली. काटा चढत गेला. मागं थांबला होता ती जागा त्यानं ओलांडली, तसाच वर गेला, आणि मग कुठं तडा गेला. राखेचे ठोकळे नुसत्या सिमेंटच्या ठोकळ्यांच्या बरोबरीनं उतरले. एक तर त्यांच्याही पुढं गेला.

"झालं?" हफिजानं विचारलं.

"झालं, चाची," निशा म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मुश्ताक निशाला म्हणाला, "मग आता साकव?"

निशाला ठाऊक होतं, की हे विचारलं जाणार.

"नाही, चाचा. साकव नाही. वाहत्या पाण्यावरचा पूल आहे. त्याचं डिझाइन, मंजुरी, सगळं सरकारी खात्याकडून व्हायला हवं. आपण थोडे ठोकळे फोडून बघितलेत, तेही पहिल्यांदाच. तेवढ्यावर माणसांना पाण्यावर उभं करायचं नाही."

श्रीपतला वाटलं, शेठ आता पुन्हा निघून जाणार. मुश्ताक खाली मान घालून उभा होता. पण तो म्हणाला, "मग कुठं चालेल? जिथं काही बिघडलं तरी कुणी मरणार नाही, असं कुठं?"

उत्तर श्रीपतच्या वाडीतच होतं. वाडीतून डोंगराच्या कडेनं एक पायवाट वरच्या अंगानं जाते आणि वहाळ न ओलांडता मोठ्या रस्त्याच्या पुलाला मिळते. पण ती मातीची. पावसाळ्यात तिच्यावर पाय ठरत नसे, म्हणून लोक खालच्या फरशीवरूनच जात, पाणी असलं तरी. तिथं काँक्रीटची पाखाडी केली, पायऱ्या-पायऱ्यांची भक्कम वाट, तर पाण्यात उतरायची कुणाला गरजच नव्हती. ग्रामपंचायतीनं परवानगी दिली. साकवाचा प्रस्ताव आपल्या वाटेनं वर गेला आणि तिथंच पडून राहिला.

पुढच्या वर्षी शिमगा आटोपल्यावर काम सुरू झालं. वाडीतली माणसं आली. महाडहून मुश्ताकचा भाचा मुजम्मिल टेम्पोनं खडी-वाळू टाकून गेला. बाया घमेली पुढं पुढं देत. निशानं राखेचं माप कुणाच्या हाती दिलं नाही. ती प्रत्येक कालवणाला स्वतः उभी असे. मुश्ताक गिरणी बंद ठेवून यायचा. त्याला खालची फरशी दिसायची, करंजाचं झाड दिसायचं. पहिले काही दिवस तो तिकडे पाठ करून काम करत होता. नंतर कामात तो इतका गुंतला, की कुठल्या बाजूला तोंड आहे याचं त्याला भान राहिलं नाही.

पाखाडी रस्त्याला मिळाली, तेव्हा वाडीतल्या तरुणांनी मुश्ताकच्या घरी येऊन विचारलं, मुसैबच्या नावाची पाटी लावायची का. मुश्ताकनं हफिजाकडे बघितलं.

"नको," ती म्हणाली. "शाळेतली पोरं रोज नाव वाचतील आणि विचारतील, हा कोण, कसा मेला. त्यांना निर्धास्त जाऊ दे."

आषाढात सलग पाऊस लागला. सावित्री नदी चढली, महाडच्या बाजारपेठेतल्या लोकांनी सवयीनं माल माळ्यावर टाकला. एका दुपारी हफिजानं बुरख्यावरून रेनकोट चढवला आणि मुश्ताकला म्हणाली, "मला तिथं घेऊन चला."

ती तिथं कधी गेली नव्हती. मुश्ताकनं नको म्हणून बघितलं, पण ती चपला घालून बाहेर उभी होती.

मोठ्या पुलापाशी गाडी ठेवून दोघं पाखाडीनं निघाली. पायऱ्यांवरून पाणी झरझर खाली जात होतं, पण पाय घसरत नव्हते. समोरून भाऱ्याचं ओझं घेतलेली माणसं येत होती, बाजूला होऊन वाट देत होती. वळणावर हफिजा थांबली. खाली फरशी दिसत नव्हतीच. तिच्या जागी नुसतं लाल पाणी होतं, करंजाच्या बुंध्याला धडका देत जाणारं. ती बघत राहिली. मुश्ताकनं तिच्या डोक्यावर छत्री धरली होती.

वाडीतून श्रीपतची बायको, चंपाबाई, इरलं घेऊन वर आली. तिनं दोघांना लांबूनच ओळखलं होतं. ती हफिजाच्या शेजारी येऊन उभी राहिली.

मग चंपाबाई म्हणाली, "बाय, तुला येक सांगायचं व्हतं. लई दिवस सांगायचं व्हतं, पन कसं सांगू कळंना."

हफिजानं तिच्याकडे बघितलं.

"त्याला काडला ना तवा गाडी यायला उशीर व्हता. मी घरातली नवी चादर आनली. त्याचं तोंड पुसलं, केसातला गाळ काडला. डोकं मांडीवर घेऊन बसले. उगा जमिनीवर कसा ठेवायचा? तुज्या लेकराला येकट्याला टाकला नाय गो आमी. गाडी येइस्तो मी व्हते."

हफिजानं चंपाबाईचा हात धरला, ओला, चिखल लागलेला, आणि तो आपल्या कपाळाला लावला. मग ती तिथंच पायरीवर बसली, पावसात, आणि मोठ्यानं रडली. चंपाबाईनं इरलं दोघींवर ओढून घेतलं.

मुश्ताक जरा अंतरावर उभा होता. शाळा सुटली होती. दप्तरं पोटाशी धरून मुलं पाखाडीनं येत होती. रडणाऱ्या बाईला बघून ती गप्प झाली आणि कडेकडेनं, एकामागून एक, पुढं उतरून घराकडे गेली.